उलटे लटकण्यापूर्वी वाचा
(नागपूरकर नवशिक्यांसाठी आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्सची मार्गदर्शिका, सन १८९६ ते १९३६)

ही मार्गदर्शिका कोणासाठी, ते आधी ठरवून घेऊ. तुम्ही महालातल्या किंवा इतवारीतल्या एखाद्या तालमीत पहाटे जाता. मल्लखांबाच्या प्रकारांपैकी साधी अढी बसते, तिढी बसल्यासारखी वाटते, दसरंगाला वस्ताद अजून खाली हात पसरून उभे राहतात. एवढ्या भांडवलावर तुम्ही घरी जाहीर केले आहे की आपण आता युरोपात जाऊन मेडल आणणार. आई म्हणाली, "आधी पोहे खा." वडील अजून काही बोललेले नाहीत. ते बोलायच्या आत पुढचे वाचून काढा.

साल तुमचे तुम्हीच निवडायचे आहे. १८९६ पासून १९३६ पर्यंत कुठलेही घ्या, नियम दर वेळी नवेच असतात. त्या सालात जायचे कसे, ते इथे दिलेले नाही. सीताबर्डीवर चौकशी करा, तिथे सगळे मिळते.

पायरी पहिली : जिम्नॅस्टिक्स म्हणजे काय, हे कोणालाही विचारू नका

विचारलेत तर भांडण लागेल. जर्मनांचा यान नावाचा मास्तर होता. त्याने १८११ मध्ये बर्लिनबाहेर हाझनहाइडेच्या माळावर पोरे गोळा केली आणि त्यांना दांड्यांवर लटकवायला सुरुवात केली. हेतू शुद्ध राजकीय होता, नेपोलियनला हाकलणारे तरुण तयार करायचे होते. पॅरलल बार आणि हॉरिझॉन्टल बार ही त्याच परंपरेची देणगी. स्वीडनमध्ये लिंग नावाच्या गृहस्थांचे म्हणणे वेगळे. त्यांच्या मते व्यायाम शरीर सुधारण्यासाठी असतो, लटकून कसरती दाखवण्यासाठी नव्हे, म्हणून सगळ्यांनी ओळीत उभे राहून एका तालात हातपाय हलवावेत. चेक लोकांचे सोकोल म्हणजे हजारोंचे संचलन. प्रत्येकाला वाटे की खरे जिम्नॅस्टिक्स आपलेच, बाकीचे सर्कसवाले.

१९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकपर्यंत हा वाद मिटला नव्हता. मग यजमानांनी सांघिक जिम्नॅस्टिक्सच्या तीन वेगळ्या स्पर्धा ठेवल्या : एक युरोपीय पद्धतीची, एक स्वीडिश पद्धतीची आणि एक ज्याला जे वाटेल ते करण्याची. आपल्याकडे मंडळात फूट पडली की गल्लीत दोन गणपती बसतात, स्टॉकहोमने तीन बसवले. युरोपीय पद्धतीत इटली जिंकले, स्वीडिश पद्धतीत अर्थातच स्वीडन आणि वाटेल त्या पद्धतीत नॉर्वे. सगळे खूश होऊन घरी गेले.

आंतरराष्ट्रीय संघटनेचे म्हणाल, तर ती १८८१ मध्येच बेल्जियममधल्या लिएजला स्थापन झाली होती. बेल्जियम, फ्रान्स आणि नेदरलँड्स, एवढेच तीन देश. अध्यक्ष निकोला क्युपेरस १९२४ पर्यंत खुर्चीवर होते. आता नीट ऐका : या अध्यक्षांना स्पर्धा आवडत नसत. व्यायाम आरोग्यासाठी करावा, बक्षिसासाठी करू नये, असे त्यांचे ठाम मत होते. तरी १९०३ मध्ये त्यांच्याच अँटवर्पमध्ये पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झालीच. चार देश आले, फ्रान्सचा मार्टिनेझ पहिला आला आणि पुढे याच स्पर्धेला पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा म्हणू लागले. अध्यक्षांचा विरोध असताना कामे कशी होतात, हे नागपूरकराला समजावून सांगण्याची गरज नाही.

पायरी दुसरी : साल निवडा

अ) १८९६, अथेन्स. नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचे. हॉरिझॉन्टल बारच्या सांघिक प्रकारात जर्मनीचा एकच संघ उतरला आणि तोच जिंकला. दुसरा कोणी आलाच नव्हता. तुम्ही तालमीतले आठ-दहा मित्र घेऊन पोहोचलात तर दुसरा क्रमांक पक्का समजा. जर्मन संघ जिंकूनही घरी शिव्या खात होता, कारण तिथल्या व्यायामसंघाला असल्या परदेशी तमाशात भाग घेणेच मंजूर नव्हते. (इथे आपले बरे आहे. आपल्याला कोणी जायलाच सांगत नव्हते, तर परवानगी नाकारणार कोण?)

दोर चढायचा असेल तर नाव आधी नोंदवा. अथेन्सचा दोर चौदा मीटर उंच होता आणि वरपर्यंत दोघेच पोहोचले, दोघेही ग्रीक. निकोलाओस आंद्रियाकोपुलोसने २३.४ सेकंदांत टोक गाठले. दोरीच्या मल्लखांबावर रोज घाम गाळणाऱ्या पोराने हा आकडा वाचून हसू नये, पण येते.

कुस्तीवाल्यांसाठी खास सूचना : अथेन्समध्ये एकाच माणसाने सगळे करायला बंदी नाही. कार्ल शूमान हा बुटका जर्मन घोड्यावरच्या उडीत पहिला आला, बारच्या दोन्ही सांघिक स्पर्धा जिंकला, वजन उचलायला गेला, लांब उडीत उतरला, गोळा फेकला आणि मग कुस्तीही मारली. कुस्तीची अंतिम लढत अंधार पडल्यामुळे थांबवली आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालवली. आपल्या आखाड्यात असे झाले असते तर रात्री काय काय झाले असते, याची कल्पना करून पाहा. वयाचीही अट नाही. पॅरलल बारच्या सांघिक प्रकारात तिसऱ्या आलेल्या ग्रीक संघात दिमित्रिओस लुंद्रास होता, वय वर्षे दहा. तुमच्या धाकट्या भावालाही घेऊन जा.

आ) १९००, पॅरिस. एकच स्पर्धा, पण प्रकार सोळा. बार, रिंग, घोडा हे झालेच, त्यात लांब उडी, उंच उडी, बांबू उडी, दोर चढणे आणि ५० किलोंचा दगड उचलणे. म्हणजे जवळजवळ आपल्या तालमीचा वार्षिक उत्सव, फक्त नारळ नाही. फ्रान्सचा गुस्ताव सांद्रास पहिला आला आणि पहिले अठराही फ्रेंचच होते. परीक्षक कोणत्या गावचे, हे तुम्हीच ओळखा.

इ) १९०४, सेंट लुईस. हे साल निवडणार असाल तर जॉर्ज आयझरचे नाव पाठ करा आणि त्यानंतर कधीही "गुडघा दुखतो" म्हणून तालीम बुडवू नका. आयझरचा डावा पाय लाकडी होता. हिशेबनिसाची नोकरी करायचा. २९ ऑक्टोबर १९०४ या एका दिवसात त्याने सहा पदके घेतली, त्यातली तीन सोन्याची. एक घोड्यावरच्या उडीचे, तेही लाकडी पायाने पळत येऊन.

याच सेंट लुईसमध्ये मुद्गल फिरवण्याची स्पर्धा होती. हो, आपल्या तालमीच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून ठेवलेली जोडी. एकोणिसाव्या शतकात इंग्रज पलटणीतल्या अधिकाऱ्यांनी ती हिंदुस्थानात पाहिली, तासून हलकी केली, कवायतीत घातली आणि 'इंडियन क्लब्ज' या नावाने ती इंग्लंड-अमेरिकेत फिरू लागली. सेंट लुईसला तीन जण उतरले, तिघेही अमेरिकन, एडवर्ड हेनिग पहिला. १९३२ मध्ये लॉस एंजलिसला हा प्रकार पुन्हा आला तेव्हा पहिले तिघेही अमेरिकन होते. त्या वेळचा विजेता जॉर्ज रॉथ मंदीत बेकार झालेला होता. सुवर्णपदक घेतले आणि रस्त्याच्या कडेला अंगठा दाखवत कोणाच्या तरी मोटारीतून घरी गेला, असे सांगतात. मुद्गल आपले, नाव आपले आणि फिरवायला आपल्यातले कोणीही नाही. १९०४ आणि १९३२ पैकी एक साल निवडा, अशी माझी कळकळीची शिफारस आहे. हलकी जोडी मिळते, पाठीमागून फिरवताना कोपर वर ठेवा, बाकी तुमचे वस्ताद सांगतील.

ई) १९०८, लंडन. सोडून द्या. सांघिक प्रकाराला कमीत कमी सोळा माणसे लागतात आणि जास्तीत जास्त चाळीस. सकाळी साडेपाचला सोळा माणसे जमवून दाखवा, मग बोलू.

उ) १९२०, अँटवर्प. हे साल मुद्दाम देतो, कारण तेव्हा आपली माणसे खरोखर तिथे पोहोचली होती. सर दोराबजी टाटा आणि पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या खटपटीतून हिंदुस्थानचा छोटा संघ गेला. त्यात बेळगावकडचा फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावला आणि रणधीर शिंदे कुस्तीत चौथा आला. धावणारे गेले, पैलवान गेले, पण मल्लखांबवाले गेले नाहीत. त्याच ऑलिम्पिकमध्ये जिम्नॅस्टिक्स होते. आपल्या कोणाच्याही मनात आले नाही की आपणही लटकणारेच आहोत.

पायरी तिसरी : साहित्य

आता खांबाकडे या. उभा मल्लखांब शिसवीचा किंवा सागवानी असतो. खाली रुंद अंग, वर निमुळती मान आणि टोकाला बोंड. एरंडेल चोळून चोळून तो काळसर झालेला असतो आणि उन्हाळ्यात, म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात, पहाटे पाचलाही त्याला हात लावला की कोमट लागतो. तळहाताला राळ लावायची. दोन्ही हातांनी खांब धरायचा, पाय वर फेकायचे, मांड्यांच्या आतल्या बाजूने खांब आवळायचा आणि हात सोडायचे. जगात तुम्ही आता फक्त मांड्यांच्या बळावर आहात. पहिल्या महिन्यात तिथली कातडी लाल होते, मग सोलते, मग घट्ट होते. घट्ट झाली की अढी आली. वस्ताद तोवर फक्त "पाय आवळ बे" एवढेच म्हणतात आणि तेवढे पुरते.

याची कथा तुम्ही ऐकली असेल. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात निजामाकडचे अली आणि गुलाब हे दोन पैलवान आव्हान देऊन बसले, बाळंभटदादा देवधरांनी मुदत मागितली, लाकडावर कुस्तीचे पेच घटवले आणि अलीला चीत केले. बाराव्या शतकातल्या मानसोल्लासातही मल्लखांबाचा उल्लेख आहे, त्यामुळे बाळंभटदादांनी तो शोधला म्हणण्यापेक्षा पुन्हा उभा केला म्हणणे बरे.

युरोपातला पोमेल हॉर्स आपल्या मल्लखांबाच्या शेजारी ठेवून पाहा. तो लाकडी घोडा घोडदळातल्या शिपायांना खऱ्या घोड्यावर मांड टाकायला शिकवण्यासाठी होता. आपला खांब पैलवानाला प्रतिस्पर्ध्याच्या कमरेभोवती पाय गुंफायला शिकवण्यासाठी होता. दोन्हीकडे लढाई शिकण्याचे सोंग होते आणि दोन्हीकडे लोकांना हळूहळू सोंगच जास्त आवडू लागले. फरक इतकाच की घोड्याला १८९६ मध्येच ऑलिम्पिकचा पास मिळाला. स्वित्झर्लंडचा लुई झुटर त्यावर जिंकलाही. खांब मात्र तालमीतच राहिला.

खांब सोबत न्यायचा म्हणाल तर जमिनीत पुरायचा भाग धरून दहा-अकरा फुटांचे लाकूड आहे. नागपूर स्टेशनवरून वर्धा, बडनेरा, भुसावळ करत बोरीबंदर, तिथून आगबोट, सुएझमार्गे साधारण दोन आठवडे, मग पुन्हा रेल्वे. गार्डाला आधीच भेटा. ऑलिम्पिक बहुधा जुलै-ऑगस्टमध्ये असते, त्यामुळे भेट द्यायला संत्री नेता येणार नाहीत. अथेन्स मात्र एप्रिलमध्ये झाले. तेव्हा मृग बहाराची नेता येतील, पोहोचेपर्यंत टिकली तर.

पायरी चौथी : पडणे

यात विनोद नाही. तेव्हाच्या स्पर्धा बऱ्याचदा उघड्यावर, मातीवर किंवा फळ्यांवर होत आणि आजच्या जाड गाद्या कोणी पाहिल्याही नव्हत्या. १९३० मध्ये लक्झेंबर्गच्या जागतिक स्पर्धेत युगोस्लाव्हियाचा आंतोन मालेज रिंगवरून पडला आणि त्यातच गेला. तालमीत खांबाखालची माती रोज खणतात, त्यात आळस करू नका.

पायरी पाचवी : बर्लिन, १९३६

शेवटी विदर्भ पोहोचला, तो बर्लिनला. नागपूरहून नाही, दीडशे किलोमीटरवरच्या अमरावतीहून. अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये सुरू केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक डॉ. सिद्धनाथ काणे यांच्या नेतृत्वाखाली ऑलिम्पिकच्या वेळी तिथे गेले आणि मल्लखांब, कबड्डी अशा देशी व्यायाम-खेळांची प्रात्यक्षिके केली. जर्मन बघे थक्क झाले, असे सगळे सांगतात, आणि ते झाले असणारच. ज्यांच्या देशात यानने पोरांना दांड्यावर लटकवायला सुरुवात केली, त्यांच्यासमोर अमरावतीची पोरे उभ्या लाकडावर हात सोडून उलटी लटकत होती. हिटलरच्या हस्ते पदक मिळाल्याची गोष्ट विदर्भात अजून अभिमानाने सांगतात. ती सांगताना एक माहिती जोडत चला. १८९६ मध्ये पॅरलल बारवर जर्मनीसाठी पहिला आलेला आल्फ्रेड फ्लाटो ज्यू होता. १९४२ मध्ये नाझींच्या थेरेझिएनश्टाटच्या छावणीत तो मेला. त्याच अथेन्सच्या संघातला त्याचा चुलतभाऊ गुस्ताव १९४५ मध्ये तिथेच मेला. जिम्नॅस्टिक्समधली सुवर्णपदके त्या राजवटीत कोणाच्याही कामी आली नाहीत.

माझी तक्रार दुसरीच आहे. अमरावतीच्या पथकाला टाळ्या मिळाल्या, गुण मिळाले नाहीत, कारण गुण द्यायला ते स्पर्धेत नव्हतेच. तोपर्यंत दार बंद झाले होते. दोर चढणे आणि मुद्गल १९३२ मध्येच शेवटचे दिसले. १९३६ ला बर्लिनच्या उघड्या नाट्यगृहात अगदी आजच्याच सहा साधनांवर सक्तीचे आणि ऐच्छिक व्यायाम झाले. ज्या चाळीस वर्षांत कोणीही काहीही घेऊन आत शिरू शकत होते, दगड उचलून, दोर चढून, लाकडी पायाने, दहाव्या वर्षी, त्या चाळीस वर्षांत आपण तालमीच्या दाराला आतून कडी लावून बसलो. कडी काढली तेव्हा आपण पाहुणे म्हणून गेलो. पाहुण्यांचे कौतुक होते, निकालात नाव येत नाही. म्हणून आता सांगतो आहे : साल निवडताना १९३२ च्या पुढे जाऊ नका.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

प्रश्न : पण मग आपण जिम्नॅस्टिक्समध्ये कधीच उतरलो नाही का?
उत्तर : उतरलो, उशिरा. १९५२ ला दोघे, १९५६ ला तिघे, १९६४ ला टोकियोला सहा जणांचा पूर्ण संघ. त्या सहांत बंडू भोसले आणि विठ्ठल करंडे ही नावे होती. पुढे थेट २०१६ पर्यंत ऑलिम्पिकला भारताचे कोणी नाही. मग रिओला दीपा कर्माकर गेली आणि व्हॉल्टमध्ये चौथी आली.

प्रश्न : मल्लखांबाला जिम्नॅस्टिक्सवाल्यांनी कधी जवळ केले नाही?
उत्तर : केले होते. १९५८ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मल्लखांब दाखवला गेला, १९६२ ला ग्वाल्हेरला त्याची स्पर्धाही त्यात घेतली. मग संसार वेगळे झाले आणि १९८१ मध्ये उज्जैनला मल्लखांबाची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा झाली.

प्रश्न : माझे वय झाले. गुडघ्यात राळ भरल्यासारखे वाटते. काही करता येईल का?
उत्तर : परीक्षक व्हा. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा झाली, उदय देशपांडे आणि समर्थ व्यायाम मंदिराच्या खटपटीतून, पंधरा देशांची मुले-मुली आली. आता गोरी मुले तळहाताला राळ लावून आपल्या खांबाशी झोंबतात, आणि वही-पेन्सिल घेऊन समोर बसायला माणसे लागतात. उजवीकडच्या खुर्चीवर बसा, तिथे ऊन कमी असते. एखादा जर्मन पोरगा अढी घालेल, सुंदर घालेल, पण चवडे ताणायला विसरेल. गुण कापा. नंतर तो तुमच्याकडे येऊन हसेल तेव्हा "छान प्रात्यक्षिक केलेस रे" असे म्हणून पाठ थोपटू नका. त्याला वही दाखवा, कुठे किती कापले ते बोट ठेवून सांगा, आणि तो वाद घालायला लागला तर घालू द्या.